चावी अडकते, सगळं लॉकच बदलू का?

प्रश्न : नमस्कार दादा, माझी गाडी सेकंडहँड, घेताना एकच चावी मिळाली. पावसाळ्यापासून ती इग्निशनमध्ये फिरतच नाही, दहादा हलवली की कशीबशी फिरते. परवा म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात गेले तर अर्धा तास गाडीतच बसून होते. गॅरेजवाला म्हणतो लॉक, चाव्या सगळंच बदला. काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, आधी एक सांगतो, जोर लावू नका, चावी आत तुटली तर काम दुप्पट वाढेल. अडकली की स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत फिरवून बघा, कधी कधी नुसता स्टिअरिंग लॉकचा ताण असतो.

तरी नाही फिरली तर तीच चावी दाराला लावा. दारातही अडकते? मग बहुतेक चावीच झिजलीय. लॉकच्या आत बारीक पत्र्या असतात, चावीच्या दातांनी त्या ठरावीक उंचीला आल्या तरच ते फिरतं आणि झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट काढली तर झीजसुद्धा कॉपी होते हो! म्हणून कोड नंबरवरून चावी कापून घ्या. नव्या गाडीसोबत चावीच्या जुडग्याला छोटी पट्टी येते त्यावर तो असतो, पहिल्या मालकाला विचारा, नाहीतर आरसी आणि ओळखपत्र घेऊन शोरूमला जा, बऱ्याच कंपन्यांना चासी नंबरवरून कोड मिळतो. आणि कोणी तेल सोडा म्हणालं तर नका सोडू, धूळ चिकटून आणखी जाम होईल, ग्रॅफाइट पावडर चालते.

दार मऊ उघडतं आणि इग्निशनच अडकतं, तर मात्र लॉक झिजलंय. नुसतं तेवढंच बदललं तर दाराला एक चावी, इग्निशनला दुसरी, हे आधी लक्षात घ्या. चांगला चावीवाला नव्या लॉकच्या पत्र्या जुन्या चावीप्रमाणे बसवून देऊ शकतो, ते जमत असेल तर उत्तम, नाहीतर दारं-डिकीसकट पूर्ण लॉकसेट.

चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह दिसतं का? तसं असेल तर बहुतेक इमोबिलायझर आहे, म्हणजे चावीत चिप. साध्या चावीने लॉक फिरेल पण इंजिन चालू राहणार नाही. काम होईपर्यंत जुनी चावी अजिबात टाकू नका. बिलही जपा आणि विमावाल्यांना चाव्या बदलल्याचं लेखी कळवा, गाडी चोरीला गेली तर क्लेमला ते सगळ्या चाव्या मागतात.