पन्नास लाइक्स आले नाहीत की पोस्ट डिलीट

"ताई, मी चांगलं काढत नाही का, की मी कोणाला दिसतच नाही?" ठाण्यात समुपदेशनाची प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मला चित्रकार पोरापोरींकडून बऱ्याचदा येतो, म्हणून सायलीची गोष्ट सांगते. नाव आणि थोडे तपशील बदललेत.

वय 27, अप्लाइड आर्ट झालेलं, दोन वर्षं एका एजन्सीत काढली आणि आता घरूनच इलस्ट्रेशन. कामं म्हणजे ओळखीतली, लग्नपत्रिका नाहीतर कोणाच्या तरी भाच्याचा बड्डे. आली होती झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता कळलं की रात्री इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकते, तासाभरात 50 लाइक्स आले नाहीत की डिलीट करते, आणि मग दोन वाजता जागी होऊन विचार करते की उगाच केली का डिलीट.

पहिल्या भेटीत मी माती खाल्ली. म्हणाले, लाइक्सकडे लक्षच देऊ नकोस. ती शांतपणे म्हणाली, "पण ताई, नवी कामं तिथूनच येतात ना." बरोबरच होतं तिचं. लाइक्सचा आकडा लपवायची सोय इन्स्टाग्रामने 2021 मध्येच दिलीये, तीही वापरून झाली होती, पण स्वतःच्या पोस्टचा आकडा आपल्याला बघता येतोच, आणि ती बघायचीच.

दुसऱ्या भेटीत तिचा फोन टेबलावर ठेवला. म्हटलं, समज मी मुलांच्या पुस्तकासाठी चित्रकार शोधतेय. बायोमध्ये काय, तर 'चहा, पाऊस आणि थोडीशी वेडी'. खाली सेल्फी, मोमोज, मांजर, आणि मधेच ठाण्यातल्या तलावपाळीचं एक चित्र, संध्याकाळची वेळ, काठावर भेळवाला, त्याच्या हातातला कागदाचा कोन इतका नीट काढलेला की त्यातले शेंगदाणे मोजावेत. मी बघतच बसले. पण हिला काम द्यायचं तर कळवायचं कुठे? ईमेल नाही, काही नाही.

तिच्या बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. विचारलं, पाटीवर काय लिहिलंय? घडाघडा म्हणाली, "चष्मे, फ्रेम, डोळ्यांची तपासणी, फोन नंबर, सोमवारी बंद." म्हटलं, आणि त्या पाटीला लाइक्स किती? तेव्हा पहिल्यांदा हसली.

पुढचं तिनेच केलं, मार्केटिंग हा काही माझा प्रांत नाही. बायोत 'मुलांची पुस्तकं आणि मासिकांसाठी चित्रं, ठाणे' आणि ईमेल. बिहान्सवर, म्हणजे चित्रकार आपलं काम मांडतात त्या साइटवर, फक्त 12 चित्रं, जसं काम हवंय तशीच, प्रत्येकाचं कच्चं स्केच सोबत. लग्नपत्रिका काढून टाकल्या, त्यावरून घरी वाद झाला, आई म्हणे पैसे त्याचेच येतात ना, आणि आईचंही काही चुकत नव्हतं. शिवाय आठवड्याला पाच संपादकांना मेल, कारण दिवाळी अंकांची कामं पावसाळ्यातच वाटली जातात, दिवाळीत जागं होऊन उपयोग नाही.

चित्र चोरीला जाईल ही भीती होतीच. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने स्वतःहून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट काढल्या क्षणीच आपला होतो, नोंदणी सक्तीची नाही. आणि पोस्टमधली 1080 पिक्सेल रुंद फाइल 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, छापली तर साडेतीन इंचांच्या आसपासच भरते, त्याचं पोस्टर कोण करणार! तरी चोर चोरतातच म्हणा, पण म्हणून दुकान बंद ठेवायचं का?

माझ्याकडून अट एकच होती: डिलीट करायचं तर आठवड्याने, आणि तेही दिवसा.

चार महिन्यांनी आली. भेळवाला परत टाकलाय, 38 लाइक्स, अजून आहे जागेवर. झोप बरी आहे. एका संपादकांनी मेलवर रेट विचारलाय आणि बाईसाहेबांनी आकडा तीनदा टाइप करून तीनदा डिलीट केलाय, मेल अजून ड्राफ्टमध्येच. पुढची भेट त्याच्यावरच.