'ब्लॅक टी' म्हणजे कोरा चहा का?

प्रश्न असा आहे: दार्जिलिंगच्या चहाच्या पाकिटावर 'ब्लॅक टी' छापलेलं असतं, त्याचं मराठी 'कोरा चहा' करावं का? आणि कृतीत 'स्टीप' म्हटलेलं असतं, त्याला काय म्हणावं?

'कोरा' नको. कोरा चहा म्हणजे बिनदुधाचा चहा. कोरी पाटी, कोरं लुगडं यांतला 'अजून काही न लागलेलं' हा अर्थ चहाच्या बाबतीत फक्त दुधापुरता उरला आहे. साखर किंवा गूळ घातला तरी तो कोराच राहतो. हा शब्द कपातल्या चहाचा. 'ब्लॅक टी' हा शब्द पानाचा, म्हणजे कारखान्यात त्या पानावर काय प्रक्रिया झाली ते सांगणारा.

खुडलेली पानं आधी कोमेजू देतात, मग वळतात. वळताना पेशी फुटतात, रसाला हवा लागते आणि पानातली विकरं (एन्झाइम) कामाला लागतात. हिरवं पान तांबूस होतं. वाळवल्यावर काळपट दिसतं आणि ती क्रियाही थांबते. ग्रीन टीमध्ये ती सुरुवातीलाच उष्णतेने थांबवलेली असते. मळ्यांवर पान तांबूस होण्याच्या या टप्प्याला 'फर्मेंटेशन' म्हणायची जुनी रीत आहे, म्हणून मराठीत 'आंबवणे' किंवा 'किण्वन' लिहिलं जातं. ते कृपया टाळा. इथे जंतूंचं काम नाही, हे ऑक्सिडीकरण आहे.

त्यामुळे आपला आलं घालून उकळलेला दुधाचा चहासुद्धा 'ब्लॅक टी'च! त्यात पडते ती दाणेदार सीटीसी (क्रश-टेअर-कर्ल, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळवून केलेली) पत्ती, आसामात १९३०च्या दशकात निघालेल्या यंत्रपद्धतीची. उलट ग्रीन टी बिनदुधाचा प्यायलात तर तो कोरा खरा, पण ब्लॅक नव्हे. जातीचं नाव म्हणून मी सरळ 'ब्लॅक टी' किंवा 'काळा चहा' लिहीन. 'काळा चहा' काही ठिकाणी कोऱ्या चहालाही म्हणतात, तेव्हा संदर्भ स्पष्ट ठेवावा.

रंगाचं नाव तरी कुठे एकसारखं आहे? याच चहाला चिनी लोक 'होंग छा' म्हणतात, म्हणजे लाल चहा. त्यांनी पानाचा नाही, पाण्याचा रंग पाहिला. त्यांचा 'हेई छा', शब्दशः काळा चहा, हा निराळाच प्रकार आहे. त्यात जंतूंचं काम खरोखर असतं, तिथे 'आंबवणे' चालेल.

दार्जिलिंगला तर 'काळा' हे नाव धड बसतही नाही. तिथले ब्रिटिश अधिकारी आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी १८४१मध्ये तिथे चहाचं बी लावलं, आणि पुढे मळ्यांत रुजली ती मुख्यतः बारीक पानाची चिनी जात. वसंतातल्या पहिल्या तोडणीची पानं खूप कोमेजवतात, त्यामुळे ती पाकिटातही हिरवट दिसतात. चहा फिकट सोनेरी, फुलांच्या वासाचा. मे-जूनच्या तोडणीत रंग तांबूस होतो आणि द्राक्षांच्या सुगंधाची ती प्रसिद्ध 'मस्कटेल' चव येते.

'स्टीप'ला 'मुरू देणे' म्हणावं, 'उकळणे' मुळीच नाही. २०० मिली पाण्याला दोन-अडीच ग्रॅम पानं. अखंड पान फुलारलेलं असतं, चमच्याचा अंदाज चुकतो, म्हणून वजन करा. पाणी उकळलं की गॅस बंद, पानं घालून झाकण. पहिल्या तोडणीला तीन मिनिटं, दुसरीला तीन-चार, आसामच्या अखंड पानाला चार-पाच. लगेच सगळं गाळून घ्या, पानं पाण्यात राहिली तर चहा तुरट होत जातो.