मामा तलावावर काम सुरू करताना

भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतल्या माशांवर पीएचडी घेतलीस, फार बरं केलंस. पाण्यातला ऑक्सिजन मात्र काठावरच स्थिर करून घे; बाटली कॉलेजात पोचेपर्यंत आकडा बदलतो. बाटलीत बुडबुडा नको. स्थिर करायला मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड टाकल्यावर तपकिरी अवक्षेप आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाहीच. मासा फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी फोटो काढ, नंतर रंग उडतो. आणि ढिवर (मासेमार) काकांजवळ निवांत बस. मरळ पिल्लं कुठं राखते, शिंगी कधी निघते, हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक. प्रबंधात त्यांचे आभार नावानिशी मान (मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं). बीएस्सीची पोरंही सोबत ने. बरीचशी तिकडच्याच गावांतली असतात.