फोरशॅडोइंगला मराठीत काय म्हणायचं?

फोरशॅडोइंग म्हणजे गोष्टीत पुढे काय होणार ते आधीच नकळत सुचवून ठेवणं. प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी एका किशोर कादंबरीवर लिहितेय, चौघा मित्रमैत्रिणींची गोष्ट आहे, त्यातला एकजण कुठेही निघताना 'तुम्ही व्हा पुढे, मी आलोच' म्हणतो, दर वेळी येतोही, आणि शेवटच्या प्रकरणात तेच म्हणतो आणि येत नाही. तर 'पहिल्या प्रकरणातलं हे वाक्य म्हणजे शेवटाचं फोरशॅडोइंग आहे' हे मराठीत कसं लिहायचं, पूर्वसूचना चालेल का पूर्वछाया?

पूर्वसूचना नको असं मला वाटतं. तो शब्द नोटीस या अर्थाने इतका मुरलाय की 'कुठलीही पूर्वसूचना न देता' म्हटलं की रद्द झालेली गाडीच आठवते. शिवाय सूचना म्हणजे उघड सांगणं, आणि इथे तर लेखक काहीच सांगत नाही, एक साधं वाक्य लिहून पुढे जातो आणि ते वाक्य आपल्याला नंतर वेगळं दिसायला लागतं. पण शेवटचा काना काढून 'पूर्वसूचन' केलं की बरंच काम होतं, सूचन म्हणजे सुचवणं, 'सूचक' हा त्याचाच भाऊ. समीक्षेच्या लेखात मी बिनधास्त पूर्वसूचन लिहीन.

पूर्वछाया हे शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर वाटतं. संस्कृतच्या नियमाने ते पूर्वच्छाया व्हायला हवं, वृक्षच्छाया होतं तसं, पण आपण मराठीत छत्रछाया सरळ लिहितो त्यामुळे ते सोडून देऊ. खरी अडचण अशी की मराठीत कुणाची छाया म्हटलं की आधार, माया असंच मनात येतं, वाईटाची सावली म्हणायची असेल तर आपल्याकडे 'सावट' आहे. दुष्काळाचं सावट, युद्धाचं सावट. आनंदाचं सावट कोणी म्हणत नाही, आणि कादंबरीत आधी सुचवलेली गोष्ट चांगलीही असू शकते ना, अबोला धरलेल्या दोन मैत्रिणी पुन्हा बोलायला लागणार हेही आधी सुचवता येतंच.

सूतोवाच आणि नांदी हेही काहीजण सुचवतात. सूतोवाच म्हणजे 'सूत उवाच', पुराणांमध्ये सूत हा कथा सांगणारा बोलायला सुरुवात करतो ते, संस्कृतात हे दोन शब्द जोडले जात नाहीत, मराठीने ते जोडून टाकले आणि विषयाला तोंड फोडणे असा अर्थ पक्का केला. म्हणजे तेही बोलून दाखवणंच झालं. नांदी म्हणजे सुरुवात. दोन्ही नकोत.

आपल्या परंपरेत याच्या खूप जवळची एक संज्ञा आहे, पताकास्थानक, म्हणजे नाटकात बोलणं एका गोष्टीबद्दल असतं आणि सुचते पुढे येणारी दुसरीच गोष्ट, आणि तिचं उदाहरण मला इतकं आवडतं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. भट्टनारायणाच्या वेणीसंहार नाटकाच्या दुसऱ्या अंकात दुर्योधन राणी भानुमतीला आपल्या मांडीवर बसायला सांगतोय, त्याचा श्लोक 'ममोरुयुग्मम्' म्हणजे माझ्या दोन्ही मांड्या या शब्दावर संपतो आणि तेवढ्यात कंचुकी, म्हणजे अंतःपुराचा म्हातारा सेवक, घाबरून आत येतो, 'देव, भग्नं भग्नम्', मोडलं, मोडलं! कुणी? 'भीमेन.' त्या बिचाऱ्याला एवढंच सांगायचंय की भीम म्हणजे भयंकर वाऱ्याने रथाचा ध्वज मोडला. पण पुढे भीम त्या मांड्यांचं काय करणार हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. अंगावर काटा येतो. पण आज किशोर कादंबरीवर लिहिताना पताकास्थानक घातलं तर अर्ध्या वाचकांना तो शब्दच आधी समजावून सांगावा लागेल, म्हणून तोही बाजूला ठेवते.

मग काय? माझं म्हणणं असं आहे की आपण उगाच नाम शोधत बसतो, मराठीत हे काम क्रियापद करतं आणि ते आपण रोज वापरतो: पेरणे. 'बघ, हे तिने पहिल्याच प्रकरणात पेरून ठेवलं होतं' असं आपण पुस्तकाबद्दल, सिरीजबद्दल सहज बोलतो आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं. पेरलेलं मातीखाली असतं, दिसत नाही, उगवल्यावरच कळतं की इथे काहीतरी टाकलं होतं. नाट्यशास्त्रातही कथानकाच्या पाच अर्थप्रकृतींपैकी, म्हणजे कथानक ज्यांतून घडतं त्या घटकांपैकी, पहिलीचं नाव बीजच आहे, म्हणजे ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. वाचकाच्या बाजूने बोलायचं तर 'चाहूल' घ्या, लेखक पेरतो आणि वाचकाला चाहूल लागते. पण पहिल्या वाचनात चाहूल लागलीच नाही तरी पेरणी असतेच, म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका.

आणि तुमच्या त्या वाक्यातच एक गंमत आहे, ती लेखात नक्की घ्या. 'आलोच' हे रूप भूतकाळाचं आहे, अर्थ भविष्याचा. 'येईन' यात निदान थोडी शंका असते, 'आलोच' म्हणजे येणं जणू होऊनच गेलंय, वर 'च'ने शिक्का मारलाय. अजून न घडलेली गोष्ट घडल्यासारखी बोलणारा मुलगा, आणि नेमकी तीच घडत नाही. एवढी खात्री त्या एका रूपात भरलेली आहे म्हणूनच शेवटी ते वाक्य पुन्हा आलं की लागतं, 'मी येईन' असतं तर इतकं लागलं नसतं.

तर मी असं लिहीन: 'शेवटाचं बी पहिल्याच प्रकरणात, "मी आलोच" या दोन शब्दांत पेरलेलं आहे.' फक्त ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी लिहीत असाल तर यातलं 'शेवटाचं' काढून 'पुढचं बरंच काही' करा, नाहीतर ते पहिल्या पानापासून त्या मुलाकडेच बघत बसतील.