साइटवर असताना बिल्डिंग कोड आणि फायर सेफ्टी डिझाइन कसं शिकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, काही वर्षं साइट इंजिनिअर म्हणून काम केलंय, आता बिल्डिंग कोड आणि अग्निसुरक्षेचं डिझाइन नीट शिकायचंय. कोर्स लावावा की कोड हातात घेऊन वाचावा, आणि वाचायचा तर सुरुवात कुठून करावी?

मी पुण्यात हेच काम करते. आर्किटेक्टचा पहिला प्लॅन हातात आल्यापासून अग्निशमन दलाची फायनल एनओसी मिळेपर्यंत. माझं उत्तर: आधी कोड, मग कोर्स. आणि कोड वाचताना पंप, हायड्रंट, स्प्रिंकलर यांच्यापासून अजिबात सुरुवात करू नका.

साइटवर बहुतेकांचा समज असतो की फायर म्हणजे लाल पाइप, आणि लाल पाइप म्हणजे फायर कॉन्ट्रॅक्टरचं काम. कोड उघडलात की लक्षात येईल, त्यातला मोठा हिस्सा भिंत, स्लॅब, दार, जिना, पॅसेज आणि डक्ट (केबल आणि पाइप वरखाली नेणारी उभी पोकळी) यांच्याबद्दल आहे. म्हणजे तुमच्याच कामाबद्दल. पाणी मारून आग विझवणं हा त्यातला एक भाग. आग एका खोलीत अडवून धरणं, धूर जिन्यात शिरू न देणं आणि माणसांना खाली उतरायला वेळ मिळवून देणं, हे सगळं बांधकामातून साधायचं असतं.

धुराचं एवढं का सांगतेय? दिल्लीच्या उपहार सिनेमात १३ जून १९९७ला ५९ माणसं गेली. आग खाली पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरला लागली होती. वर बाल्कनीत बसलेली माणसं गुदमरून गेली. बंगळूरच्या कार्लटन टॉवर्समध्ये २३ फेब्रुवारी २०१०ला नऊ जण गेले, तिथे धूर इलेक्ट्रिकल डक्टमधून वरच्या मजल्यांवर पसरला. कोलकात्याच्या आमरी हॉस्पिटलमध्ये डिसेंबर २०११मध्ये आग तळघरात लागली आणि धुराने वरच्या वॉर्डांतले रुग्ण गाठले. तिन्ही ठिकाणी माणसं आगीपासून लांब होती. हे डोक्यात ठेवून कोड वाचलात तर प्रत्येक कलम कशासाठी आहे ते आपोआप कळत जातं.

आता कोणता कोड. राष्ट्रीय इमारत संहिता, म्हणजे आपण एनबीसी म्हणतो ती, २०१६ची आवृत्ती, भाग ४. पहिली संहिता १९७०ची, मग १९८३, २००५ आणि २०१६. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये २००५ची खूप सापडते, त्यामुळे मुखपृष्ठावरचं साल बघून घ्या. तक्त्यांचे क्रमांकही बदललेत, आकडेही बदललेत. भारतीय मानक ब्युरोच्या पोर्टलवर नाव नोंदवलं की मानकं वाचायला मिळतात. संहिता स्वतः शिफारशीच्या स्वरूपाची आहे, बंधनकारक होते ती राज्याच्या कायद्याने आणि स्थानिक नियमावलीने. आपल्याकडे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ आहे. बांधकामाच्या नियमांसाठी मुंबईला डीसीपीआर २०३४, आणि राज्याच्या बहुतेक भागाला २०२०ची एकत्रित नियमावली, युडीसीपीआर. हे तिन्ही एकत्र बघायची सवय लावा. साधं उदाहरण: एनबीसीत १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत हायराइज. आपल्या स्थानिक नियमांत ही रेघ याहून वर आहे. साइटवरचे निम्मे वाद इथूनच सुरू होतात, कारण एक जण एका पुस्तकातून बोलत असतो आणि दुसरा दुसऱ्या.

वाचायचा क्रम मी असा ठेवेन: आधी व्याख्या, मग वापरानुसार केलेली वर्गवारी, मग बाहेर पडण्याचे मार्ग, मग अग्निरोधकतेचे तास (भिंत, स्लॅब किंवा दार आगीला किती तास टिकेल ते), आणि सगळ्यात शेवटी तक्ता ७, ज्यात कुठल्या इमारतीला कुठली अग्निशमन यंत्रणा हवी ते दिलंय. फक्त वाचत गेलात तर आठवड्याभरात सगळं विसराल, म्हणून सोबत एक प्लॅन घ्या. तुमच्याच साइटचा मंजूर नकाशा चालेल.

समजा एक मजला ९०० चौरस मीटरचा आहे आणि दोन जिने आहेत, प्रत्येकी दीड मीटर रुंद. वापर ऑफिसचा. कोड म्हणतो, ऑफिसमध्ये दर माणशी १० चौरस मीटर धरा. म्हणजे ९० माणसं. जिन्याला दर माणशी १० मिलिमीटर रुंदी लागते, म्हणजे ९०० मिलिमीटर. दोन्ही जिने मिळून ३ मीटर आहेत, काही अडचण नाही. आता तोच मजला मालकाने रेस्टॉरंटला दिला. टेबल-खुर्च्या मांडलेल्या जेवणाच्या जागेला कोड दर माणशी १.८ चौरस मीटर धरतो. माणसं झाली ५००, जिन्याची रुंदी लागली ५ मीटर. तुमच्याकडे आहे ३. भिंत हललेली नाही, जिना हललेला नाही, फक्त वापर बदलला आणि मजल्यावरची दोनशे माणसं जिन्याच्या हिशेबाबाहेर गेली. आजवर इमारतींच्या वापरबदलाला लोक कागदोपत्री बाब समजत आलेत, म्हणून हे गणित स्वतःच्या हाताने एकदा करून बघाच. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागली, १४ माणसं गेली, त्यातली बरीच टॉयलेटमध्ये अडकलेली सापडली. बाहेर पडायची वाट सापडली नाही की माणूस दार लावून घेता येईल अशी जागा शोधतो. सुरतच्या तक्षशिला संकुलात २४ मे २०१९ला क्लासमधली २२ मुलं गेली, तिथे वर जायचा लाकडी जिनाच जळला होता.

माणसं मोजून झाली की अंतर मोजा. भक्कम, न जळणाऱ्या साहित्याच्या इमारतींना बहुतेक वापरांसाठी जास्तीत जास्त ३० मीटर चालत जाता आलं पाहिजे, मजल्यावरच्या सर्वांत लांबच्या बिंदूपासून सुरक्षित जिन्याच्या दारापर्यंत. हे अंतर नकाशावर सरळ पट्टी ठेवून मोजायचं नसतं. टेबलांना, पार्टिशनला वळसा घालून, माणूस जसा चालेल तसं मोजायचं. इंटिरियरवाले आले की हेच अंतर वाढतं, आणि तेव्हा कोणी परत मोजत नाही.

तुमच्यासारख्या सिव्हिलवाल्याला एक भाग चटकन जवळचा वाटेल: आयएस ४५६, काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, म्हटलं की आपल्या डोक्यात गंज आणि एक्स्पोजर येतं, आणि स्लॅबला २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक लागतात. पण त्याच मानकात अग्निरोधकतेसाठी कव्हरचा वेगळा तक्ता आहे, १६अ. दोन तासांची अग्निरोधकता हवी असेल तर कंटिन्युअस (सलग अनेक आधारांवरच्या) स्लॅबला २५ आणि सिंपली सपोर्टेड (फक्त टोकांना टेकलेल्या) स्लॅबला ३५ मिलिमीटर कव्हर लागतं. शेजारच्या आकृतीत किमान मापं आहेत: दोन तासांसाठी स्लॅब १२५ मिलिमीटर जाड, आणि चारही बाजूंनी उघडा कॉलम ३०० मिलिमीटर रुंद. यापुढे स्ट्रक्चरल ड्रॉइंग हातात आलं की या इमारतीला किती तास मागितलेत हे विचारा. सळई तापली की तिची ताकद उतरते, आणि तिला तापायला किती वेळ लागेल हे त्या दहा-पंधरा मिलिमीटर काँक्रीटवर ठरतं.

आता डक्टकडे या. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त हयगय इथेच होते आणि ती रोखणं साइट इंजिनिअरच्याच हातात असतं. इलेक्ट्रिकल डक्ट प्रत्येक मजल्यावर स्लॅबच्या पातळीला बंद केलेला हवा, स्लॅबइतकाच आगीला टिकेल अशा साहित्याने. प्रत्यक्षात काय दिसतं? केबल ट्रेच्या बाजूने हात आरपार जाईल एवढं भोक, त्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या कोंबलेल्या, किंवा थर्माकोल, किंवा पिवळट पीयू फोम फवारलेला. साधा पीयू फोम स्वतःच पेटतो. त्या जागी फायरस्टॉप मॉर्टर, फायर सीलंट किंवा कोटिंग केलेले बोर्ड लागतात, आणि नुसतं साहित्य चांगलं असून भागत नाही, भोकाचं माप, केबलची गर्दी आणि सीलची जाडी टेस्ट रिपोर्टशी जुळावी लागते. पीव्हीसी पाइपची गोष्ट आणखी वेगळी. आग लागली की पाइप वितळतो आणि स्लॅबमध्ये स्वच्छ गोल भोक उरतं. म्हणून पाइपभोवती फायर कॉलर बसवतात; त्यातलं साहित्य उष्णतेने फुगतं आणि वितळत्या पाइपला चिरडून भोक बंद करतं. काचेची दर्शनी भिंत असलेल्या इमारतीत स्लॅबची कड आणि काच यांच्यातली फट अशीच प्रत्येक मजल्यावर बंद करावी लागते. फॉल्स सीलिंग लागायच्या आधी हे सगळं फोटो काढून, मजलावार नोंद ठेवून तपासा. नंतर कोणाला दिसत नाही.

फायर डोअरचंही असंच. दार, चौकट, बिजागऱ्या, क्लोजर आणि कडेची फुगणारी पट्टी, हे सगळं मिळून भट्टीत तपासलेलं असतं, आणि मिळालेले तास त्या संपूर्ण संचाचे असतात. साइटवर चौकटीमागची पोकळी भरायची राहून गेली, किंवा कोणी वेगळं कुलूप बसवायला दाराला भोक पाडलं, की कपाटातल्या प्रमाणपत्राचा त्या दाराशी संबंध उरत नाही. आणि हँडओव्हरच्या वेळी जिन्याच्या दाराखाली वीट लावलेली दिसली तर ती स्वतः काढा. उघडं फायर डोअर म्हणजे धुरासाठी जिना मोकळा.

इमारतीबाहेरचंही सांगते. अग्निशमन गाडीसाठी किमान ६ मीटर रुंद रस्ता लागतो, वळणाला ९ मीटर त्रिज्या, आणि पृष्ठभाग ४५ टन पेलणारा. आपल्याकडे नेमक्या त्याच साइड मार्जिनमध्ये भूमिगत पाण्याची टाकी आणि एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा) असतात. त्यांच्या वरच्या स्लॅबचं डिझाइन कुठला भार धरून केलंय, हे स्ट्रक्चरल कन्सल्टंटला लेखी विचारा. नंतर बागकामवाले तिथे कुंड्या आणि कट्टे बांधतात, त्यांना तो पट्टा आखून दाखवा.

एवढं पचलं की तक्ता ७ उघडा आणि सोबत संबंधित मानकं घ्या: आतल्या हायड्रंटसाठी आयएस ३८४४, स्प्रिंकलरसाठी आयएस १५१०५, डिटेक्शन आणि अलार्मसाठी आयएस २१८९, हातातल्या सिलिंडरसाठी आयएस २१९०. आता ती समजायला अवघड जात नाहीत. स्प्रिंकलरबद्दल लोकांच्या मनात एक गैरसमज असतो की आग लागली की सगळी हेड्स एकदम फुटतात आणि अख्खं ऑफिस भिजतं. नेहमीच्या यंत्रणेत प्रत्येक हेडचा काचेचा बल्ब वेगळा फुटतो, लाल बल्ब ६८ अंशांना, आणि पाणी फक्त आगीच्या वरच्या हेडमधून पडतं. पण बल्बपर्यंत उष्णता पोचायला हवी. इंटिरियरवाल्यांनी हेड फॉल्स सीलिंगच्या आत ठेवलं किंवा त्यावर रंग मारला, तर यंत्रणा कागदावरच राहते.

आणखी दोन गोष्टी वाचा. एक, तुमच्या प्रोजेक्टची प्रोव्हिजनल एनओसी, म्हणजे अग्निशमन दलाने सुरुवातीला अटी घालून दिलेली परवानगी. तिची एकेक अट घ्या, ती नकाशावर कुठे आहे ते शोधा, मग कोडमध्ये तिचं कलम शोधा. इतकं चांगलं वर्कबुक विकत मिळणार नाही. दुसरं, उपहार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११मध्ये दिलेला निकाल. बाल्कनीत वाढवलेल्या खुर्च्यांनी वाट कशी अडली आणि परवानग्या कशा मिळत गेल्या, याचा त्यात तपशीलवार ऊहापोह आहे. इंजिनिअरने वाचावा असाच तो मजकूर आहे.

आता कोर्स. सहा महिने असा अभ्यास केल्यावर तुम्हाला या क्षेत्रातच यायचंय असं वाटलं, तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि मुंबईतली महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमी, या दोन्ही सरकारी संस्थांचे अभ्यासक्रम आणि पात्रता त्यांच्याच संकेतस्थळांवर बघा. खाजगी क्लासची जाहिरात बघून पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: प्रत्यक्ष प्लॅनवर माणसांचं, जिन्याचं आणि अंतराचं गणित करून घेता का? नुसती सिलिंडर चालवायची प्रात्यक्षिकं आणि स्लाइड असतील तर तो पैसा वाचवा. आपल्या कायद्यानुसार यंत्रणा बसवणारी परवानाधारक एजन्सी नमुना ‘अ’चं प्रमाणपत्र देते, आणि पुढे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं नमुना ‘ब’ दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. ओळखीतल्या अशा एखाद्या एजन्सीबरोबर जानेवारीच्या तपासणीला दिवसभर फिरा. पंप सुरू करताना, व्हॉल्व्ह उघडताना आणि डक्टची दारं उघडून बघताना काय काय निघतं ते लिहून ठेवा, आणि परत येऊन स्वतःच्या साइटवरचे डक्ट उघडा.