रानातला कॅक्टस बागेत लावताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बागेच्या एका कोपऱ्यात दिवसभर ऊन असते आणि जमीन कोरडी असल्यामुळे तिथे दुसरे काहीच तगत नाही. रानात आपोआप वाढलेला कॅक्टस खणून तिथे लावण्याचा विचार आहे. त्यात काही गैर आहे का?

उत्तर : जागा योग्य आहे, विचार करायचा तो झाडाचा. रानातले झाड कोणाचेच नसते, हा समज आधी सोडावा. झाड खासगी जमिनीवर असेल तर मालकाची परवानगी, शक्यतो लेखी, घ्यावी. वनजमिनीवर किंवा संरक्षित क्षेत्रात असेल तर त्याला हात लावू नये. काही ठिकाणी कायदा याहून कडक आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सग्वारोसारखा संरक्षित कॅक्टस एका जागेवरून उचलून दुसरीकडे न्यायचा, तर राज्याच्या कृषी विभागाचा परवाना आणि झाडाला बांधायचा बिल्ला लागतो. देशांच्या सीमा ओलांडून होणाऱ्या व्यापारावर 1975 पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे आणि मोजके अपवाद वगळता संपूर्ण कॅक्टस कुळ त्याच्या कक्षेत येते. हे नियम उगाच झालेले नाहीत. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत कॅक्टसच्या 31 टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले, आणि संग्रहासाठी व विक्रीसाठी रानातून झाडे उचलली जाणे हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

म्हणून माझ्या मते रानातून दोनच प्रकारची झाडे आणावीत. रस्ता किंवा इमारत होणार असल्यामुळे जी एरवी बुलडोझरखालीच जाणार, ती एक; आणि जिचे मूळ झाड जागेवर ठेवून नुसता फुटवा काढून आणता येतो, अशी मुबलक वाढणारी जात ही दुसरी. फड्या निवडुंगाचे अख्खे झाड खणण्यात तर काहीच शहाणपण नाही. ज्याला आपण त्याचे पान म्हणतो ते मुळात चपटे खोड असते, आणि सांध्यावर कापलेले एकच पोसलेले पान नव्या जागी खणून आणलेल्या झाडापेक्षा सहसा लवकर मूळ धरते.

प्रश्न : आणायचे ठरवलेले झाड काटेरी आणि खांबासारखे आहे, पण चीर गेली की त्यातून पांढरे दूध गळते. हा कॅक्टसच आहे ना?

उत्तर : बहुधा नाही. तो युफोर्बिया वंशातला निवडुंग असावा. मात्र दूध ही पक्की खूण नव्हे, कारण मॅमिलॅरिया या खऱ्या कॅक्टसच्या काही जातींतही दूध असते. पक्की खूण काट्याच्या बुडाशी पाहावी. कॅक्टसचे काटे लहानशा, लवदार गादीसारख्या गाठीतून झुपक्याने निघतात. युफोर्बियात अशी गाठ नसते आणि काटे बहुधा जोडीने येतात. लावण्याची रीत दोघांचीही जवळपास सारखीच आहे. परंतु युफोर्बियाचे दूध डोळ्यांत गेले तर गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे कापताना चष्मा व हातमोजे घालावेत आणि काम संपेपर्यंत हात चेहऱ्याकडे नेऊ नयेत.

प्रश्न : खणताना मुळे किती खोलवर जपावी लागतात? आणि काट्यांपासून हात कसे वाचवावेत?

उत्तर : खोलीपेक्षा रुंदीकडे लक्ष द्यावे. बहुतेक वाळवंटी कॅक्टसची मुळे वरच्या वीतभर मातीतच लांबवर पसरलेली असतात, कारण थोडक्या पावसाचे पाणी तिथेच मिळते. ती सगळी मिळवण्याचा हट्ट धरू नये. लहान झाडाच्या बुंध्यापासून सुमारे फूटभर अंतरावर गोलाकार खणत जावे, झाड खालून सैल करावे आणि जी मुळे फाटली, चिरडली असतील ती धारदार, स्वच्छ सुरीने सरळ कापावीत. फाटलेल्या मुळाची चिंध्यांसारखी टोके नीट सुकत नाहीत आणि कूज तिथूनच शिरते. खणण्यापूर्वी झाडाच्या दक्षिण बाजूला खडूने किंवा सैल दोऱ्याने खूण करावी. ही खूण कशासाठी, ते पुढे एका उत्तरात येईल.

झाड हाताने उचलू नये. लहान गोल कॅक्टससाठी वर्तमानपत्राची जाड घडी करून तिचा पट्टा झाडाच्या मध्यभागी गुंडाळावा आणि दोन्ही टोके चिमटीसारखी धरावीत. मोठ्यासाठी जुन्या सतरंजीचे किंवा गालिच्याचे तुकडे वापरावेत. फड्या निवडुंगाचे मोठे काटे दिसतात म्हणून ते टाळता येतात. खरा त्रास देतात ती त्यांच्या बुडाशी असलेली पिवळसर, केसाहूनही बारीक कुसळे. त्यांना उलटे दात असतात. ती हलक्या स्पर्शानेही सुटून कातडीत रुततात आणि चामड्याच्या हातमोज्यात एकदा शिरली की ते हातमोजे टाकून द्यावे लागतात. हे काम लांब चिमट्यानेच करावे. कुसळे रुतलीच तर चोळू नये. दिसतील तेवढी बारीक चिमट्याने काढावीत, उरलेल्यांवर कागद चिकटवायचा पांढरा गोंद पातळ पसरून त्यावर जाळीचे कापड दाबावे आणि गोंद वाळल्यावर ते अलगद सोलून काढावे.

प्रश्न : झाड आणले त्याच दिवशी लावून भरपूर पाणी घातले. तीन आठवड्यांत बुंधा मऊ पडून काळा झाला. ऊन कमी पडले का?

उत्तर : नाही, पाण्याची घाई झाली. इतर रोपांच्या बाबतीत लावल्याबरोबर पाणी घालणे हा जो नियम आपल्या हाताला सवयीने ठाऊक असतो, तो इथे नेमका उलटा आहे. झाड खणताना मुळे तुटतातच, आणि प्रत्येक तुटलेले टोक ही उघडी जखम असते. त्यावर ओली माती बसली, की बुरशी व जिवाणू आत शिरतात आणि पाण्याने भरलेल्या मऊ खोडात ते झपाट्याने वर चढतात. म्हणून खणून आणलेले झाड सावलीत, हवेशीर जागी, कोरड्या कागदावर एक ते दोन आठवडे तसेच ठेवावे. कापलेले टोक आधी ओलसर व फिकट दिसते, मग आक्रसते आणि शेवटी त्यावर टणक, बुचासारखी खपली धरते. नख लावल्यावर ती दबत नसेल तर झाड लावण्याजोगे झाले. फड्या निवडुंगाच्या कापलेल्या पानालाही एवढाच वेळ लागतो. जाड खांबाचा रुंद काप मात्र सुकायला महिना किंवा त्याहूनही अधिक घेऊ शकतो.

इतके दिवस मातीबाहेर राहून झाड मरेल ही भीती बाळगू नये. कॅक्टसची पर्णरंध्रे, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणारी सूक्ष्म छिद्रे, दिवसा मिटलेली असतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात, त्यामुळे त्यातून पाणी फार हळू उडते. खपली धरल्यावर कोरड्या मातीत लावावे, आणखी एक ते दोन आठवडे थांबावे आणि मगच पहिले पाणी घालावे. त्यानंतर पहिल्या वर्षी वाढीच्या हंगामात माती पूर्ण सुकल्यावरच, म्हणजे साधारण दोन-तीन आठवड्यांनी, एकदाच पण मुरेपर्यंत पाणी द्यावे. रोजचे तांब्याभर पाणी अगदी वाईट. थंडीत पाणी जवळजवळ बंदच ठेवावे. याच कारणाने लावणी उबदार आणि कोरड्या दिवसांत करावी, कारण थंड मातीत नवी मुळे फुटत नाहीत आणि संततधार पावसात जखमा सुकत नाहीत.

आपल्या झाडाचा शेंडा अजून कडक असेल तर ते वाचवता येईल. काळा भाग कापून टाकावा आणि कापाचा रंग पूर्ण स्वच्छ, हिरवट-पांढरा दिसेपर्यंत वरवर कापत जावे. मध्यभागी तपकिरी ठिपका उरला तरी कूज पुन्हा सुरू होते. प्रत्येक कापाआधी सुरी स्पिरिटने पुसावी आणि उरलेला शेंडा वर सांगितल्याप्रमाणे सुकवून पुन्हा लावावा.

प्रश्न : आमची माती काळी आणि चिकण आहे. खड्ड्यात तळाशी खडी आणि वर वाळू भरून लावले तर निचरा होईल का?

उत्तर : होणार नाही, आणि हा उपाय इतक्या ठिकाणी सुचवला जातो की त्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. चिकणमातीत खड्डा खणून त्यात वाळू-खडी भरली, तर भोवतालची माती पाणी हळूहळू शोषते आणि खड्ड्यातली वाळू ते भराभर आत घेते. म्हणजे आजूबाजूचे सगळे पाणी त्या खड्ड्यात येऊन साचते आणि मुळे नेमकी तिथेच असतात. तळाशी खडीचा थर दिल्यानेही काम होत नाही, कारण बारीक मातीतले पाणी ती माती पूर्ण भिजल्याशिवाय खालच्या भरड थरात उतरतच नाही. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळण्याने तर उलट परिणाम होतो. मातीचे कण वाळूच्या फटी भरून काढतात आणि सुकल्यावर सगळे मिश्रण काँक्रीटसारखे घट्ट होते.

आधी जागेची परीक्षा घ्यावी. फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, पाणी मुरू द्यावे, आणि पुन्हा भरून पाहावे. दुसऱ्यांदा भरलेले पाणी काही तासांत मुरले तर ती माती आहे तशीच वापरावी. खणलेली माती त्याच खड्ड्यात परत भरावी, शेणखत किंवा कंपोस्ट मिसळू नये. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल, तर खाली जाण्याऐवजी वर यावे. जमिनीवर मुरूम, बारीक खडी आणि भरड वाळू यांचा दीड-दोन फूट उंच व पसरट उंचवटा करावा आणि कॅक्टस त्याच्या माथ्यावर लावावा. समुद्राची वाळू घेऊ नये, तिच्यात मीठ असते. झाड पूर्वी जितके खोल होते तितकेच आताही बसवावे. हिरवे खोड मातीखाली गेले की ते कुजते, आणि उंच झाड हलू नये म्हणून ते खोल पुरणे ही तर सर्रास होणारी गोष्ट आहे. आधारच हवा असेल तर बाजूने काठ्या लावून झाड मऊ पट्ट्यांनी बांधावे. बुंध्याभोवती आळे करू नये. पालापाचोळ्याऐवजी बारीक खडी पसरावी.

उन्हाळ्यात जी जागा कोरडी दिसते ती पावसात कोरडी असेलच असे नाही. छपराची पागोळी, हिरवळीचा फवारा किंवा शेजारच्या वाफ्याचे पाट तिथे पोहोचतात का, हे लावण्याआधी पाहावे.

प्रश्न : रानात भर उन्हात उभ्या असलेल्या कॅक्टसवर बागेत आणल्यावर पांढरट-पिवळे डाग पडले. असे कसे?

उत्तर : हा उन्हाचा चटका आहे. झाडाची जी बाजू वर्षानुवर्षे दक्षिणेकडे होती तिचे साल उन्हाला सरावून जाड झालेले असते. उत्तरेकडची बाजू त्या मानाने कोवळी राहते. लावताना झाड फिरले आणि ही कोवळी बाजू दक्षिणेला आली की ती भाजते. खुणेचा दोरा यासाठीच. दक्षिण गोलार्धात अर्थातच दिशा उलट धराव्यात. शिवाय रानात तो कॅक्टस खरोखर उघड्यावर होता का, हेही आठवून पाहावे. ॲरिझोना व मेक्सिकोत पसरलेल्या सोनोरन वाळवंटातही सग्वारोची रोपे बहुधा पालो वर्दे किंवा आयर्नवुडसारख्या झाडांच्या सावलीत वाढतात आणि मोठी झाल्यावरच उन्हाला सामोरी जातात. झुडपाखालून आणलेले छोटे झाड एकदम माथ्यावरच्या उन्हात ठेवू नये. लावल्यावर पहिले काही आठवडे कोणत्याही झाडावर 30 ते 50 टक्के सावलीची जाळी धरावी. पडलेले डाग पुढे खाकी होतात व तसेच राहतात. ते टणक असतील तर काळजीचे कारण नाही.

प्रश्न : फड्या निवडुंगावर कापसासारखे पांढरे पुंजके आले आहेत.

उत्तर : एक पुंजका काडीने चिरडून पाहावा. गर्द लाल रंग निघाला तर ती कोचिनील कीड आहे, जिच्यापासून किरमिजी रंग तयार करतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावी आणि उरल्यास सौम्य साबणाचे पाणी मारावे. लाल रंग निघाला नाही तर तो बहुधा पिठ्या ढेकूण असतो; उपाय तोच. रानातून आणलेल्या झाडाची मुळे उघडी असतानाच त्यांवर असे पांढरे काही दिसते का, ते तपासून घ्यावे.

प्रश्न : छाटलेले फड्या निवडुंगाचे तुकडे बागेबाहेर टाकले तर चालतील का?

उत्तर : मुळीच नाही, कारण प्रत्येक तुकडा पडल्या जागी रुजतो. ऑस्ट्रेलियात बाहेरून आणलेल्या निवडुंगाने 1920च्या दशकापर्यंत सुमारे 6 कोटी एकर जमीन व्यापली होती आणि शेवटी दक्षिण अमेरिकेतून कॅक्टोब्लास्टिस नावाचा पतंग आणून सोडावा लागला, ज्याच्या अळ्या निवडुंग खातात. तुकडे काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, पूर्ण कुजेपर्यंत उन्हात ठेवावेत.

प्रश्न : बांधकामाच्या जागेवरून दोन माणसांच्या उंचीचा खांबासारखा कॅक्टस मिळतो आहे. लावून सहा महिने झाले की तो जगला असे समजावे का?

उत्तर : इतक्या लवकर काहीच म्हणता येत नाही. एवढ्या झाडाच्या पोटात इतके पाणी साठलेले असते की मुळे मेली तरी ते दीर्घकाळ हिरवे दिसते. हलवलेले मोठे सग्वारो काही वर्षांनी कोसळल्याचे अनुभव आहेत. पहिल्या हंगामात खोडाच्या कडा आक्रसल्या तर घाबरू नये. पाणी दिल्यावर त्या पुन्हा फुगल्या, तर मुळे काम करू लागली आहेत. शेंड्याला ताजे, उजळ रंगाचे काटे दिसणे ही याहून खात्रीची खूण आहे. खांब दाबून डोलतो का, हे मात्र पाहू नये, कारण नव्याने फुटलेली मुळे त्या हिसक्याने तुटतात.

त्याच जागी त्याच जातीचे गुडघ्याएवढे झाड असेल तर ते आधी घ्यावे. त्याची जखम लहान असते, त्याला आधार लागत नाही आणि ते जगण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. मोठेच वाचवायचे असेल तर आठ फुटांच्या खांबाचे वजनही शेकडो किलोंत जाऊ शकते, हे ध्यानात ठेवून असे काम करणाऱ्या अनुभवी माणसांना बोलवावे. दोर आणि चार मित्र एवढ्या बळावर ते उचलायला जाऊ नये.