लेझरचा उजेड फिल्टर लावून कमी करत नेला तर सिंगल फोटॉन (उजेडाचा एकच कण) मिळत नाही का? मग फोटॉनवर चालणाऱ्या क्वांटम कॉम्प्युटरला महागडा सोर्स कशाला?

नाही मिळत. आणि मिळतो असं तुम्हाला कुणा सरांनी सांगितलं असेल, तर ते बहुतेक माझेच सर.

एमएस्सीचा प्रोजेक्ट, ठाण्यातलं एक कॉलेज. लेझरपुढे एनडी फिल्टर (उजेड मंद करणारी काच), मग बीम स्प्लिटर (उजेड दोन वाटांना विभागणारी काच), दोन बाजूंना दोन डिटेक्टर. फोटॉन एकेकटा येत असेल तर दोन्हीकडे एकदम क्लिक व्हायलाच नको. माझ्याकडे होत होते. प्रत्येक डिटेक्टरवर सेकंदाला २०,००० क्लिक आणि १० नॅनोसेकंदांच्या खिडकीत जुळणारे ४. सर म्हणाले, "लाइट लीक आहे." गोखले रोडवरून काळं मखमली कापड आणलं, एसीच्या हिरव्या दिव्यावर इन्सुलेशन टेप मारली, दाराच्या फटीत आईची जुनी शाल कोंबली. चारचे चारच! फिल्टर वाढवून क्लिक निम्मे केले, जुळणारे एकावर आले. सर खूश, "बघ, कमी झाले!" अहो, निम्मे गुणिले निम्मे म्हणजे पाव, होणारच ना! २०,००० गुणिले २०,००० गुणिले १० नॅनोसेकंद करून बघा, ४ च येतात. निव्वळ योगायोगाने जुळायचे तेवढेच जुळत होते. लेझर कितीही मंद करा, जी-टू (जुळणारे क्लिक योगायोगाच्या किती पट, तो आकडा) १ च राहतो. खऱ्या सिंगल फोटॉनला तो शून्याजवळ लागतो. व्हायव्हात हेच बोलले, मार्क गेले.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर दोन हुबेहूब फोटॉन बीम स्प्लिटरवर एकदम आले की एकाच बाजूने जोडीने बाहेर पडतात (हाँग, ओऊ, मँडेल, १९८७). २००१ ची केएलएम स्कीम (फोटॉनवर क्वांटम कॉम्प्युटर चालवायची पद्धत) याच्यावरच उभी आहे. तिला असे बरेच फोटॉन एकाच वेळी लागतात. मंद लेझरचे बरेच पल्स (उजेडाचे झटके) रिकामे आणि मधूनच एखाद्यात दोन फोटॉन. पल्समागे सरासरी ०.१ फोटॉन ठेवलीत तर दहा पल्समध्ये एकदम एकेक फोटॉन मिळायला हजार कोटी प्रयत्नही कमी पडतील. म्हणून क्वांटम डॉट (एका वेळी एकच फोटॉन सोडणारा सूक्ष्म कण), नाहीतर क्रिस्टलमधून जोडी काढून एकाच्या क्लिकवरून दुसरा ओळखायचा. तो जोडीवाला सोर्सही दर वेळी फोटॉन देत नाही, ते वेगळं रडगाणं.

हां, क्वांटम की (गुप्त संदेशाची किल्ली) पाठवायला मंद लेझर डिकॉय (मुद्दाम कमी-जास्त उजेडाचे फसवे पल्स) वापरून मजेत चालतो. तेवढ्यापुरते सर बरोबर. तेवढ्यापुरतेच.

तुमचाही प्रोजेक्ट असेल तर रोजचा रॉ डेटा तारीख घालून वहीत लिहा आणि खाली गाइडची सही घ्या. माझ्या वहीत सही नाही, लाल पेनाने "लाइट लीक तपासा" एवढंच आहे. तीन वेळा.